चार सेल आणि समुद्राच्या तळचा उजेड

आमच्या भाच्याचं अंदमानला जायचं घाटतंय. स्कूबा तर आहेच, शिवाय आता पाण्याखालच्या फोटोंसाठी फ्लॅशही घेतलाय. त्याचा मेल एका ओळीचा: "मामा, चार्जिंगचे सेल कोणते घेऊ?" उत्तर लिहायला बसलो आणि थेट १८९३ सालात जाऊन पोचलो. (घरच्यांना याची सवय आहे.)

पाणी लाल रंग आधी गिळतं. पाच-सहा मीटर खाली गेलं की लालभडक मासाही मळकट दिसायला लागतो, म्हणून उजेड वरून सोबत न्यावा लागतो. हे खटलं पहिल्यांदा नीट अंगावर घेतलं फ्रान्सच्या लुई बुतां या प्राणिशास्त्रज्ञाने, बान्युल्सच्या किनाऱ्यावर, १८९३ मध्ये. त्याच्यासाठी एका विद्युत अभियंत्याने काचेच्या फुग्यात ऑक्सिजन भरून आत मॅग्नेशियमची तार पेटवायची सोय केली. उजेड पडायचा, पण कधीकधी फुगाच फुटायचा. मग दुसरा उपाय म्हणून दोनशे लिटरचं पिंप आणलं. त्याच्यावर काचेखाली स्पिरिटचा दिवा, आणि रबरी फुगा दाबला की ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड! हे सगळं वजनं बांधून समुद्रात बुडवायचं. १८९९ पर्यंत तो विजेच्या आर्क दिव्यांपर्यंत आला आणि पन्नास मीटर खोलीवरचे फोटो मिळाले.

१९२६ साली फ्लोरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले, तेही मॅग्नेशियमच्याच जोरावर. पूड पाण्यावरच्या तराफ्यावर ठेवायची आणि खाली शटर उघडलं की वर भडका. एकदा ती आधीच पेटली आणि लाँगली चांगलाच भाजला. एका माशाच्या रंगापायी माणूस अंथरुणाला खिळला, याचं मला अजून नवल वाटतं.

गंमत म्हणजे बुतां आर्क दिवे बुडवत होता त्याच १८९९ साली स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनरने निकेल-कॅडमियम सेल केला. पुन्हा चार्ज होणारा आणि झटक्यात भरपूर करंट देणारा. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश यायला मात्र तीसचं दशक उजाडलं. तोच माणूस १९५३ पासून कुस्तोबरोबर बोटीवर जायला लागला. फ्लॅशमध्ये सेल आधी कपॅसिटर भरतात आणि तो एका क्षणात नळीत रिकामा होतो. पुढचा फोटो किती सेकंदांनी घेता येईल हे सेल किती वेगाने करंट देतो यावर ठरतं. मासा काही थांबत नाही.

तर सेल. पाकिटावरचा मोठा आकडा बघून भुलायचं नाही. नव्वदच्या दशकात निकेल-मेटल हायड्राइड आले, आकड्यांची शर्यत लागली, २७०० वगैरे. पण ते सेल नुसते पडून काही आठवड्यांत बरेच उतरायचे. २००५ मध्ये सान्योने 'एनेलूप' आणला. आकडा जेमतेम २०००, पण वर्षभराने काढला तरी बराचसा चार्ज शिल्लक. माझं मत विचाराल तर आजही तेच घ्यावेत, चारचा संच करून त्यावर मार्करने अ, ब लिहावं आणि संच कधीही मिसळू नयेत.

यामागे कारण आहे. चार सेल एकामागे एक जोडले आणि त्यातला एक दमलेला असला, तर बाकीचे तिघं त्याला उलटा ढकलतात. मग त्यातून हायड्रोजन सुटू शकतो. एरवी तो हवेत उडून जाईल, पण डायव्हिंगचा दिवा पाणी आत येऊ नये म्हणून घट्ट बंद असतो. आत हायड्रोजन साठला आणि ठिणगी पडली की बुतांचा फुगाच झाला तो! म्हणून बऱ्याच दिव्यांना वायू बाहेर सोडणारी झडप असते. सेल आत ठेवूनच चार्ज होणारा दिवा असेल तर झाकण उघडं ठेवून चार्ज करावा.

चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासणारा हवा. निकेलचा सेल भरला की त्याचं व्होल्टेज काही मिलिव्होल्ट खाली येतं, चांगला चार्जर ते ओळखून थांबतो. जोडीने चार्ज करणारे स्वस्त चार्जर हे करू शकत नाहीत.

व्हिडिओच्या दिव्यांना बहुधा १८६५० हा लिथियम सेल लागतो. खरा सेल साधारण ३५०० पर्यंतचा, म्हणून बाजारात ९९०० लिहिलेला दिसला तर सरळ पुढे चालू लागावं. त्याचा चार्जर वेगळा, ४.२ व्होल्टवर थांबणारा. विमानात सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत, टोकं झाकून.

आणि रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' ही डायव्हिंगची बोट पहाटे जळाली. खालच्या बंकांमध्ये झोपलेले ३४ जण गेले. चौकशीत आग नक्की कशाने लागली ते ठरलं नाही, पण शक्यतांच्या यादीत कुणाच्या नजरेत नसताना चार्ज होत असलेल्या बॅटऱ्या होत्या. मुख्य ठपका मात्र रात्री पहारा नसण्यावर आला. अंदमानात मुक्काम बोटीवर असो की खोलीत, चार्जर फरशीवर, गादी-पडद्यांपासून लांब, आणि आपण जागे असताना.