नाइट, तट्टू आणि व्हिलन

इंग्रजी 'नाइट'च्या आरंभीचा 'के' आज मुका आहे. चौदाव्या शतकात, कवी चॉसरच्या काळी, तो खणखणीत उच्चारला जाई. त्याही आधीच्या जुन्या इंग्रजीत 'क्निख्त' म्हणजे पोरगा, हाताखालचा चाकर. जर्मनमध्ये तोच शब्द 'क्नेख्त' या रूपात आजही गडी, सेवक याच अर्थाने नांदतो. इंग्लंडमध्ये मात्र धन्यामागे शस्त्र घेऊन धावणारा हा चाकर घोड्यावर चढला, त्याला जमीन मिळाली आणि शब्दाचीही बढती झाली: 'नाइट' म्हणजे मानाचा घोडेस्वार योद्धा.

त्याच्या ब्रीदाला नाव मिळाले ते फ्रेंचांकडून: 'शिव्हलरी'. तिच्या पोटात लॅटिन 'कॅबॅलुस' आहे. उमद्या घोड्यासाठी लॅटिनमध्ये 'एक्वुस' होता, आपल्या 'अश्व'चा भाऊबंद. 'कॅबॅलुस' म्हणजे ओझ्याचे तट्टू. फ्रेंचने नेमके ते तट्टूच उचलले आणि शौर्य, औदार्य, वचनाला जागणे, स्त्रियांचा मान हे सारे त्याच्या पाठीवर लादले. 'मार्शल' आणि 'कॉन्स्टेबल' हेही तबेल्यातूनच आलेले: पहिला मुळात मोतद्दार, दुसरा पागेचा अधिकारी.

त्याच घोड्यापासून फ्रेंचमध्ये आणखी एक शब्द निघाला, 'शव्होशे', आणि त्या काळाबद्दल मला तो शिव्हलरीपेक्षा जास्त खरे सांगणारा वाटतो. मूळ अर्थ घोडदौड. इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धात मात्र शत्रूच्या मुलखात घुसून गावे, कोठारे, गिरण्या जाळत जाणे म्हणजे शव्होशे. १३५५ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या थोरल्या मुलाने बोर्दोपासून नार्बोनपर्यंत अशीच राखरांगोळी केली. हा राजपुत्र बापाने नुकत्याच स्थापलेल्या 'ऑर्डर ऑफ द गार्टर'चा, म्हणजे शिव्हलरीच्या सर्वोच्च मंडळाचा, आरंभापासूनचा सदस्य होता. जळालेल्या गावांतल्या माणसांना त्या घोड्यांवर शिव्हलरी दिसली नसणार.

तोवर इंग्लंडमध्ये मरणाने थैमान घातले होते. १३४८ च्या उन्हाळ्यात डॉर्सेटच्या किनाऱ्यावर प्लेगची साथ उतरली आणि दोनेक वर्षांत देशातली निदान एक तृतीयांश माणसे गेली. 'ब्लॅक डेथ' हे नाव त्यांनी कधी ऐकले नाही. इंग्रजीत ते रुळले एकोणिसाव्या शतकात. ते लोक 'पेस्टिलन्स' म्हणत. 'प्लेग'चा मूळ अर्थ घाव, तडाखा. पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा ही समजूत त्यात आहे.

जे जगले त्यांच्या श्रमाला भाव आला. जमीनदार धास्तावले. १३५१ च्या कायद्याने मजुरी साथीपूर्वीच्या दरावर बांधून टाकली. जमिनीला जखडलेल्या कुळाला तेव्हा 'व्हिलन' म्हणत, लॅटिन 'व्हिला'वरून, म्हणजे धन्याच्या शेतवाडीवरचा माणूस. आपण पडद्यावरच्या खलनायकाला देतो ते नाव याच कष्टकऱ्याचे. 'चर्ल'चीही तीच गत: एके काळी स्वतंत्र शेतकरी, पुढे अडाणी आणि उद्धट. हत्यार धरणाऱ्या चाकराचा शब्द चढला, नांगर धरणाऱ्याचा घसरला. दौत-लेखणी जमीनदारांच्या आणि त्यांच्या कारकुनांच्या हाती होती, हेच मला याचे कारण दिसते.

१३८१ मध्ये हीच कुळे लंडनवर चालून आली. 'व्हिलन' म्हणून जगणे संपवा, ही त्यांची मागणी. चौदा वर्षांच्या राजा दुसऱ्या रिचर्डने माइल एंडला तशा सनदा दिल्या आणि बंड मोडल्यावर काही आठवड्यांतच त्या रद्द केल्या.