गाडी जितली का माणूस?

२०२५ च्या दिवाळीत वर्ध्याला गेलो होतो. दुपारचं जेवण अंगावर आलेलं, पंख्याखाली लोळत पडलो होतो, तर भाचा मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. इंजिनिअरिंगला आहे, आणि चाक असलेल्या प्रत्येक गोष्टीच्या शर्यती पाहतो. महिन्याभरापूर्वीच, २८ सप्टेंबरला, जपानमधल्या मोतेगीला मार्क मार्केझ पुन्हा मोटोजीपीचा जगज्जेता झाला होता. त्याच दिवशी तिकडे आफ्रिकेत, रवांडातल्या किगालीमध्ये, तादेय पोगाचारने सायकलिंगची जागतिक स्पर्धा जिंकली होती. त्यामुळे भाचेबुवा खुशीत होते.

"मामा, तुमच्या वेळेस असे होते का कोणी?"

आता "तुमच्या वेळेस" हे शब्द ऐकले की माणूस चिडतोच. मी उठून बसलो आणि एकदम फांजिओपासून सुरुवात केली. पण बोलता बोलता लक्षात आलं की मी जो हिशोब मांडतोय तो माझा नाहीच. तो माझ्या मामांचा आहे.

मामांचं वर्ध्यात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं शेड, एक पाण्याचं घमेलं, पंप, आणि भिंतीला टांगलेल्या ट्यूबा. तासाने भाड्याच्या चार-पाच सायकलीही होत्या, त्यांतल्याच एकीवर मी कैची शिकलो. मामा मूळचे आर्वीकडच्या खेड्यातले, आणि त्यांचं खरं वेड सायकल नव्हतं. शंकरपट होतं.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. हलका छकडा, दोन बैल, वर एक माणूस. त्याला धुरकरी म्हणतात. सगळा खेळ काही सेकंदांचा. पण त्या काही सेकंदांवर पुढे चार महिने पारावर वाद चालतो, आणि वाद कायम एकच. बैल जितले का धुरकरी जितला? (२०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी मिळाली. बैलांच्या हालांबद्दल माझी मतं आहेत, पण तो वेगळा विषय. असो.)

मामांचं यावर एक ठरलेलं उत्तर होतं. "दुसरी जोडी दे त्याले. मंग पाहू."

बस. एवढाच निकष. मी कॉलेजात असताना शूमाकरचं कौतुक सांगायला लागलो की मामा चाकाचा आउट काढता काढता मान वर न करता विचारायचे, "गाडी जितली का मानूस?" मी चिडायचो. पण पुढे जिथे जिथे शर्यतींचा इतिहास वाचला, तिथे तो प्रश्न मागे लागलाच.

फांजिओ या परीक्षेत एकदम पहिल्या नंबराने पास. अर्जेंटिनाचा हा माणूस १९५१ आणि मग १९५४ ते १९५७ असा पाच वेळा जगज्जेता झाला, तोही चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर: अल्फा रोमिओ, मर्सिडीज, फेरारी आणि मासेराती. १९५४ मध्ये तर मोसमाच्या मध्येच जोडी बदलली. पहिल्या दोन शर्यती मासेरातीवर जिंकला, मग मर्सिडीजवर बसला आणि जिंकतच राहिला. एकूण ५१ शर्यती, त्यांत २४ विजय. दर दोन शर्यतींमागे जवळजवळ एक! १९५७ मध्ये न्यूरबर्गरिंगला वयाच्या ४६ व्या वर्षी, टायर बदलायला थांबून पाऊण मिनिटाच्या वर मागे पडल्यावर, त्याने पुढच्या दोन्ही फेरारींना शेवटून दुसऱ्या फेरीत गाठलं. तो त्याचा शेवटचा विजय.

मी हे सगळं मामांना एकदा रंगवून सांगितलं होतं. म्हटलं, पण एक खोट आहे मामा, हा गडी दरवर्षी जी गाडी सगळ्यात चांगली तिच्यावर जाऊन बसायचा. मामा म्हणाले, "बैल पारखनं हेबी धुरकऱ्याचंच काम हाय."

यावर काय बोलणार?

पण फांजिओच्या कथेत मला सगळ्यात आवडतो तो १९५६ चा मोंझाचा प्रसंग, आणि त्यात हिरो फांजिओ नाहीच. मोसमातली शेवटची शर्यत. फांजिओची गाडी बिघडली. त्याच्याच फेरारी संघातला पीटर कॉलिन्स हा पंचविशीतला पोरगा, त्याला स्वतःला विजेतेपदाची संधी होती. तो पिटमध्ये आला आणि आपली गाडी फांजिओला देऊन टाकली. तेव्हा नियमात ते बसायचं. फांजिओ दुसरा आला आणि जगज्जेता झाला. कॉलिन्सचं वय होतं, पुढे संधी मिळणारच होती. ती मिळाली नाही. दोन वर्षांनी न्यूरबर्गरिंगलाच तो अपघातात गेला.

शूमाकरचं मात्र वेगळं. बेनेटनवर १९९४ आणि १९९५ अशी दोन विजेतेपदं मिळाल्यावर तो १९९६ मध्ये फेरारीकडे गेला, आणि फेरारी तेव्हा चांगली जोडी नव्हतीच! १९७९ नंतर त्यांचा एकही ड्रायव्हर जगज्जेता झाला नव्हता. चार वर्षं गेली, १९९९ मध्ये पाय मोडला, आणि मग २००० ते २००४ सलग पाच. म्हणजे याने बैल पारखले नाहीत, गोठ्यात राहून तयार केले. २००२ मध्ये सतराच्या सतरा शर्यतींत तो पहिल्या तिनांत होता, आणि जुलैमध्येच विजेतेपद खिशात. त्याच वर्षी मे महिन्यात ऑस्ट्रियाला शर्यतीत पुढे असलेल्या बारिकेलोने संघाच्या हुकुमावरून अगदी शेवटच्या रेषेजवळ त्याला पुढे जाऊ दिलं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मी पक्का शूमाकरवाला, पण त्या दिवशी मीही टीव्ही बंद केला. कॉलिन्सने गाडी स्वतः दिली होती. बारिकेलोकडून घेतली गेली. फरक आहे.

भाचा म्हणाला, "व्हर्स्टॅपनचं सांगा ना." त्याचा हिशोब सोपा आहे. २०२३ मध्ये २२ पैकी १९ शर्यती त्याने जिंकल्या. गाडी अफाट होती हे खरं, पण अगदी तीच गाडी शेजारी पेरेझकडेही होती, आणि त्याला जिंकता आल्या दोन. गुण ५७५ आणि २८५. एकाच गोठ्यातल्या दोन सारख्या जोड्या आणि दोन धुरकरी. यापेक्षा चांगला पुरावा मामांनीही मागितला नसता.

मोटारसायकलवर आलं की नाव जाकोमो अगोस्तिनीचं. १५ विजेतेपदं, १२२ विजय. यातले बरेचसे एमव्ही अगुस्तावर, आणि १९६७ च्या अखेरीस होंडा मैदान सोडून गेल्यावर पुढची काही वर्षं त्याला ५०० सीसीत गाठणारं कोणी नव्हतंच. १९६८ मध्ये त्या गटातल्या दहाच्या दहा शर्यती त्याने जिंकल्या. साहजिकच लोक म्हणायला लागले, गाडीच पळते. मग १९७४ मध्ये तो यामाहाकडे गेला, म्हणजे फोर-स्ट्रोकवरून टू-स्ट्रोकवर. त्या वर्षी ३५० चं आणि १९७५ मध्ये ५०० चं विजेतेपद घेऊन त्याने तोंडं बंद केली.

रॉसीने हेच २००४ मध्ये केलं. होंडावर सगळं जिंकून झाल्यावर यामाहाकडे गेला. यामाहाला वरच्या गटाचं विजेतेपद १९९२ नंतर मिळालं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेत वेलकमला पहिलीच शर्यत, आणि पठ्ठ्या जिंकला. जिंकून गाडी कडेला लावली आणि तिच्याशेजारी गवतात जाऊन बसला. तो फोटो मी मामांना दाखवला होता. मामांनी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिला. "हा खरा," म्हणाले.

(तोच रॉसी २०११ आणि २०१२ ही दोन वर्षं डुकाटीवर होता आणि एकही शर्यत जिंकला नाही. हे मी मामांना सांगितलं नाही.)

आता थोडं अवांतर, पण आमच्या गावचं आहे म्हणून राहवत नाही. जमनालाल बजाज वर्ध्याचे. गांधीजी वर्ध्यात आले त्यात त्यांचा मोठा वाटा. त्याच घराण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला, आणि २०२५ मध्ये कंपनीचा ताबाच बजाजकडे आला. या केटीएमने डकार रॅलीत मोटारसायकलचा गट २००१ ते २०१९ सलग १८ वेळा जिंकला (२००८ ची रॅली रद्द झाली होती). सिरिल देप्रे आणि मार्क कोमा यांनी पाच-पाच, बाकीच्या इतरांनी. माणसं बदलत राहिली, गाडी तीच. इथे मात्र बैल जितले म्हणायचं. यंत्रांवर फारसा विश्वास नसलेल्या महात्म्याला ज्या घराने आसरा दिला, त्याच घराचं नाव आता वाळवंटातल्या मोटारसायकलींशी जोडलं जावं, याची गंमत वाटते.

तर मूळ मुद्दा. मामांच्या प्रश्नाला माझ्याकडे एक रामबाण उत्तर होतं. सायकल! मी म्हणायचो, मामा, तिथे गाडीचा प्रश्नच नाही, सगळ्यांच्या सायकली उन्नीस-बीस, जितला तो माणूसच. आणि उदाहरण द्यायला एडी मर्क्स होता. १९६९ ची पहिलीच टूर द फ्रान्स जवळजवळ १८ मिनिटांनी जिंकली, पिवळी जर्सीही त्याची, हिरवीही त्याची, डोंगरातला राजाही तोच. पाच टूर, पाच जिरो, एकूण सव्वापाचशे विजय. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर.

पण माझा खरा देव मर्क्स नव्हता. लान्स आर्मस्ट्राँग होता. कॅन्सरमधून उठून १९९९ ते २००५ सलग सात टूर. आमच्या घरात त्या सुमारास कॅन्सर होता, त्यामुळे हे नाव माझ्यासाठी नुसतं खेळातलं नव्हतं. आईच्या केमोच्या दिवसांत मी तिला त्याच्या गोष्टी सांगायचो. तिला टूर म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण "तो उठला का?" एवढं विचारायची. एका मित्राने अमेरिकेहून त्याच्या संस्थेचे ते पिवळे रबरी पट्टे आणले, तेव्हा एक मी घातला आणि एक मामांना दिला. बहिणीच्या आजारपणामुळे असेल, पण मामांनी काही न विचारता घातला. ग्रीसने काळा पडेपर्यंत त्यांच्या मनगटावर होता.

२०१२ च्या ऑक्टोबरात सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर कबूल केलं. त्या सात वर्षांच्या टूरच्या यादीत आज विजेत्याच्या जागी कोणाचंच नाव नाही. कोणाला द्यायचं? मागच्यांतले कितीतरी त्याच वाटेने गेलेले.

मला राग आला होता, पण त्याहून जास्त, मी आईला खोटं सांगितलं असं वाटत राहिलं. आई तोवर गेली होती. पुढच्या वेळी वर्ध्याला गेलो तेव्हा भीतभीतच दुकानात गेलो. मामांच्या मनगटावर पट्टा नव्हता. तो पंपाच्या नळीला गुंडाळलेला होता, जिथून हवा सुटत होती तिथे.

"चांगलं रबर हाय," मामा म्हणाले.

मग बऱ्याच वेळाने, एक पंक्चर काढून झाल्यावर, "तू म्हनत होता ना, सायकलीत बैल नसते म्हनून? असते ना बाप्पा. आंगातच असते. तिथं जोडी बदलून पाहता येत नाही, म्हनून कळत नाही कोनाले."

मी इतकी वर्षं जे सगळ्यात स्वच्छ मोजमाप समजत होतो ते सगळ्यात अवघड निघालं. फांजिओला दुसरी गाडी देता येते. पेरेझ शेजारी उभा करता येतो. सायकलवाल्याचं रक्त, फुप्फुसं, पाय हीच त्याची जोडी, आणि आर्मस्ट्राँगने ती रात्री गुपचूप बदलली होती. मर्क्सकडेही मग मी पूर्वीच्या डोळ्यांनी पाहू शकलो नाही. १९६९ च्याच जिरोमधून त्याला उत्तेजकाच्या चाचणीवरून काढलं होतं. त्याने ते शेवटपर्यंत नाकारलं, आणि खरं काय ते आता ठरणं अवघड आहे.

शर्यतीबद्दल मामांशी शेवटचं बोलणं झालं ते २०१७ मध्ये. नागपूरचे डॉ. अमित समर्थ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सायकल चालवत होते, रेस अॅक्रॉस अमेरिका, जवळपास ४९०० किलोमीटर. नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथही त्यात होते. दोघेही पोचले. गोकुळनाथ एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय, समर्थ त्यांच्या मागोमाग, ११ दिवस २१ तासांत. मी पुण्याहून फोनवर मामांना सगळं सांगितलं.

"पहिला कोन आला?"

म्हटलं, ऑस्ट्रियाचा क्रिस्टोफ श्ट्रासर, साडेआठ दिवसांच्या आत. तो ही शर्यत नेहमी जिंकतो. (पुढे २०१९ पर्यंत त्याची सहा विजेतेपदं झाली.)

"अन् हे नागपूरचे तीन दिवस मांगून आले?"

"हो."

"तरी चालवतच होते?"

"हो मामा."

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, नागपूरले गेला तर विचारजो, सायकल कोनती होती.

दुकान आता नाही, मामाही नाहीत. पंप बहिणीकडे आला. भाच्याने तोच आणून माझ्यासमोर ठेवला होता, त्याच्या सायकलमध्ये हवा भरायला, आणि नळीवरचं ते काळपट पिवळं रबर पाहून विचारलं होतं की हे काय आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पवनारपर्यंत सायकलवर गेला. मी मागून बहिणीच्या स्कूटरवर.