परवचा, गृहपाठ आणि हुशार मूल

'गृहपाठ' हा शब्द मराठीत फार जुना नाही. त्याआधी आपल्याकडे घरी जे व्हायचे तो परवचा. दिवेलागणीला हातपाय धुऊन ओळीने बसायचे आणि पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी औटकीपर्यंत मोठ्याने म्हणायचे. शेवटी श्लोक. या व्यवस्थेचे कौतुक करणारे बरेच लिहून गेले आहेत, आणि त्यात स्मरणरंजनाचा भाग मोठा आहे. तरी तिची एक गोष्ट विसरली जाते. परवचा सर्वांचा एकच असे. ज्याला तो लवकर येई त्याला 'आणखी वीस पाढे' मिळत नसत. त्याला धाकट्यांच्या पुढे बसवले जाई. गावठी शाळेतही मोठी किंवा हुशार मुले लहानांना शिकवीत. मद्रासच्या अनाथालयाचा अधीक्षक अँड्र्यू बेल याने अशाच एका देशी शाळेत मुलांना वाळूवर अक्षरे गिरवताना पाहिले, आपल्या संस्थेत मुलांकडून मुलांना शिकवण्याचा प्रयोग केला आणि १७९७ मध्ये त्याची हकिकत इंग्लंडात छापली. हुशार मुलाचे काय करायचे, या प्रश्नाला आपल्या जुन्या शाळेजवळ एक उत्तर होते. ते आदर्श होते असे मी म्हणत नाही. ती शाळा कोणाला मिळे आणि कोणाला मिळत नसे, हे ज्योतीराव फुल्यांनी पुरेसे सांगून ठेवले आहे.

एकोणिसाव्या शतकात हे उत्तर हरवले, आणि हुशार मूल गृहपाठाशी भांडू लागले. लोकमान्य टिळकांच्या (जन्म १८५६) बालपणाच्या गोष्टी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. पाटीवर उदाहरण न मांडता उत्तर तोंडी सांगणारा, 'संत' हा शब्द एकाच लेखनात तीन तऱ्हांनी लिहून त्या तिन्ही बरोबर असल्याचा हट्ट धरणारा मुलगा आपल्याला बाणेदारपणाचा नमुना म्हणून शिकवला गेला. त्या चरित्रकथा आहेत. त्यांतले किती घडले आणि किती घडवले गेले, याचा निवाडा इथे नको. पण त्यांतले भांडण खरे आहे. मुलाला येते आहे ते त्याने पुन्हा का लिहावे? शिक्षकाला रीत पाहायची असते, मुलाला उत्तराशी काम असते. वडील गंगाधरपंत स्वतः शिक्षक आणि संस्कृतज्ञ. श्लोक पाठ केला की एक पै, असा त्यांचा सौदा सांगितला जातो. पैच्या मोहापेक्षा मला त्यातली दुसरी बाब महत्त्वाची वाटते: घरचा अभ्यास शाळेच्या अभ्यासाची नक्कल नव्हता. शाळेत जे मिळत नव्हते ते घरी मिळत होते.

पंडिता रमाबाईंना (जन्म १८५८) तर शाळाच नव्हती. १८८७ च्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाला रेचल बॉडली यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत एक चित्र आहे. घरकामातून सवड नाही म्हणून आई लक्ष्मीबाई पहाटे, पाखरे जागी होण्याच्या वेळी, झोपाळलेल्या मुलीला लाडाने उठवते आणि तोंडी पाठ देते. पुस्तक नाही, आईचा आवाज तेवढा. आज कोणी सहा वर्षांच्या मुलीला अशा वेळी उठवले तर आपण नाके मुरडू, आणि ते गैरही ठरणार नाही. पण ते ओझे आईने स्वतः मुलीबरोबर उचलले होते, हा फरक त्या चित्रात स्पष्ट दिसतो.

आता धाडकडे येऊ. बुलढाणा तालुक्यातले हे गाव भोकरदनच्या, म्हणजे जुन्या निजामी मुलखाच्या, हद्दीजवळचे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. पलीकडे मराठवाडा निजामाकडेच राहिला. त्यामुळे काही कोसांच्या अंतराने शाळा बदले, आणि पलीकडे वरच्या शिक्षणाची भाषाही उर्दू होई. १९५६ मध्ये दोन्ही बाजू एका राज्यात आल्या. पण अशा गावातल्या शेतकरी घरात 'घरी करायचे काम' या शब्दांचा पहिला अर्थ पुस्तकी कधीच नव्हता. कापूस वेचणीच्या दिवसांत घर शेतात असते. गृहपाठ ही कल्पनाच मुळी रिकामी संध्याकाळ, दिवा आणि वाचता येणारे वडीलधारे माणूस गृहीत धरते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना फुल्यांनी खेड्यातल्या शाळेसाठी मोडी-बाळबोध वाचन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असा बेताचा, उपयोगी अभ्यासक्रम मागितला. तो अपुरा वाटेल. पण तो घराची स्थिती पाहून मागितलेला होता.

खेड्यातल्या हुशार मुलाकडे शासनाचे लक्ष गेले ते मुख्यतः परीक्षेच्या वाटेने. आधी शिष्यवृत्ती परीक्षा, मग १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालये. नवोदयात किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि प्रवेश सहावीत. याचा लाभ नाकारता येणार नाही. अनेक घरांचे त्याने भले झाले. पण त्याची किंमत पाचवीतल्या मुलाने भरली. वर्गाचा गृहपाठ तसाच, आणि 'तू हुशार आहेस' म्हणून वर सरावसंचांचा दुसरा गृहपाठ. गुरुजींनी हौसेने दिलेला, पालकांनी अभिमानाने घेतलेला. परवच्याच्या काळात लवकर येण्याचे बक्षीस मोकळीक होते. इथे ते दुप्पट काम झाले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवले होते की सामान्य वर्गात असाधारण बुद्धीच्या मुलाचा निम्मा वेळ वाया जातो, आणि बुद्धी त्याहून वरची असेल तर जवळजवळ सगळाच. म्हणजे ओझे तासांचे कमी आणि पुनरावृत्तीचे जास्त. हे आपल्याकडे नेमके ओळखले ते यशपाल समितीने. कादंबरीकार आर. के. नारायण राज्यसभेत दप्तराच्या वजनाबद्दल बोलले, विषय गाजला, १९९२ मध्ये समिती नेमली गेली. १९९३ च्या तिच्या अहवालाने मात्र सांगितले की दप्तराहून जड आहे ते न समजण्याचे ओझे. प्राथमिक वर्गांना घरच्या परिसरातल्या शोधाखेरीज गृहपाठ नको, असेही तिने सुचवले. २०२० च्या दप्तर धोरणाने त्याला आकडे दिले: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास.

आकड्यांत शोध मावत नाही, ही अडचण उरतेच. पाचवीतल्या ज्या मुलीला गुणाकार येतो, तिला वीस गुणाकार देणे सोपे, कारण ते तपासणेही सोपे. तिला आजोबांकडून जुनी मापे, शेर, पायली, मण, विचारून आणायला सांगितले आणि त्यांचे किलोत रूपांतर करायला लावले, तर उत्तरे घरोघर वेगळी येतील, कारण पायली गावोगाव वेगळी होती. मग वही तपासणाऱ्या गुरुजींना तिच्यासमोर बसावे लागेल. एका गुरुजींच्या हाताखाली दोन वर्ग असताना ते बसणार केव्हा, हा प्रश्न वऱ्हाडातल्या कोणत्याही शिक्षकाने मला लगेच विचारावा.