कार्ल्याचे यवन

लोणावळा म्हणजे आपल्यासाठी काय? चिक्की, भुशी डॅम, टायगर पॉइंटची भजी आणि रविवारी संध्याकाळी एक्सप्रेसवेवरचा ट्रॅफिक. जरा उत्साही असाल तर लोकलने मळवलीला उतरून लोहगड-विसापूर. कार्ल्याला जाणारी मंडळी बहुतेक एकवीरेच्या दर्शनाला जातात, शेजारच्या लेण्यात पाच मिनिटं डोकावतात, फोटो काढतात आणि पायऱ्या उतरायला लागतात.

तर आज त्या लेण्यातल्या खांबांबद्दल. त्यातले काही खांब परदेशी लोकांनी दिलेले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास, म्हणजे १९०० वर्षांहून जुनी गोष्ट.

कार्ल्याचा चैत्य प्रचंड आहे. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी ४५ फूट, आत एकूण ३७ खांब. वर छताला लाकडी कमानी आहेत, त्याही जुन्याच, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसेना. एवढं काम एका राजाच्या खजिन्यातून झालं असेल असं वाटतं ना? तसं नाही. खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत छोटे छोटे लेख कोरलेत, आणि ते वाचले की लक्षात येतं की ही चक्क वर्गणी आहे. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा शेठ भूतपाल आहे. सोपाऱ्याचा एक भिक्षू आहे. अत्तरं विकणारा सिंहदत्त आहे. दाराचं काम करणारा सामी नावाचा सुतार आहे (सुताराचं नाव शेठजींच्या रांगेत, हे मला फार आवडतं). आणि याच रांगेत आहेत यवन.

लेखाचा साचा अगदी ठरलेला. गाव, ओळख, नाव, काय दिलं. 'धेनुकाकटचा यवन सिंहधय याचा खांब, दान.' संपलं. दुसऱ्या एका खांबावर धम्म नावाचा यवन, आणखी एकावर यशवर्धन. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असतं, तसंच.

यवन म्हणजे कोण? शब्द आला आयोनियावरून, म्हणजे मूळ अर्थ ग्रीक. पुढे पश्चिमेकडून आलेल्या कुणालाही यवन म्हणायला लागले, त्यामुळे हे नक्की कुठले यावर विद्वानांचे वाद आहेत. पण ते या भागात कसे पोचले असतील हे फारसं गूढ नाही. त्याच काळात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं समुद्रप्रवासाचं पुस्तक आहे. त्यात कल्याण आहे, भडोच आहे, पैठण आणि तेर आहे, आणि इथे इटलीची दारू खपते हेसुद्धा आहे. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल बोरघाटातून देशावर चढायचा. घाट चढून वर आलं की मावळ. नावही तेव्हाचंच, कार्ल्याच्याच लेखांमध्ये 'मामाल' असा उल्लेख आहे. म्हणजे ज्या वाटेने आपण आज इंटरसिटीने येतो, जवळपास त्याच वाटेने.

आता माझा खरा प्रश्न. हे लोक इथे बोलायचे कसे?

मी जर्मनीत चार महिने ऑनसाइट होतो. ऑफिसात इंग्रजी चालायचं, पण बाहेर बेकरीवाल्या आजींशी बोलायला माझ्याकडे दहा-बारा शब्द आणि दोन हात एवढंच भांडवल. तरी तिसऱ्या आठवड्यात त्या मी न मागता बिनमांसाचा पाव बाजूला काढून ठेवायला लागल्या. पण त्या गावात माझं नाव कुठे कोरलं जावं इतकी वेळ काही आली नाही. सिंहधय त्या पातळीला पोचला होता.

या मंडळींची नावं बघा. सिंहधय म्हणजे सिंहध्वज. धम्म. यशवर्धन. एकही ग्रीक वाटत नाही. आपल्याकडे कॉल सेंटरमध्ये संदीपचा सॅम व्हायचा, तसं काहीतरी झालं असेल का? मला नाही वाटत. सॅमला आपण पुण्याचे आहोत हे लपवायचं असायचं. सिंहधय नाव इथलं घेतो, पण पुढे 'यवन' लावतो आणि ते दगडात कोरून घेतो. आता कुणी म्हणेल की ही दुसरी-तिसरी पिढी असेल, जन्मच इथला असेल. असेलही. पण मग तीन पिढ्यांनंतरही यवन म्हणवून घेण्यात कुणाला अडचण वाटत नव्हती, हे जास्तच भारी आहे.

याच्या अगदी उलट एक गंमत. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस इथे सापडलेल्या एका पपायरसवर ग्रीक नाटुकलं आहे, ते १९०३ मध्ये प्रसिद्ध झालं. कॅरिशन नावाची ग्रीक मुलगी भारताच्या किनाऱ्यावर अडकलीय आणि तिचा भाऊ तिला सोडवायला येतो. त्यातले भारतीय लोक काहीतरी अगम्य बडबडतात आणि प्रेक्षकांनी हसायचं. (ती बडबड जुनी कन्नड आहे असं काही विद्वानांनी मांडलंय, सगळ्यांना पटलेलं नाही.) म्हणजे तिकडे घरी बसलेल्यांना आपली भाषा हा विनोद होता, आणि जे प्रत्यक्ष इथे येऊन राहिले ते त्याच सुमाराच्या शतकांत आपलं दान इथल्या भाषेत लिहवून घेत होते.

सगळंच प्रेमापोटी असेल असा माझा दावा नाही. लेणी व्यापारी वाटांवरच आहेत, विहारांशी चांगले संबंध असणं धंद्याला बरंच पडत असणार. पण नुसत्या धंद्यासाठी चैत्यात खांब लागत नाही.

राहिलं धेनुकाकट. कार्ल्याचे बरेचसे दाते या गावचे, आणि गावाचा पत्ता नाही. कुणी डहाणू म्हणतं, कुणी आंध्रातलं धरणीकोट. दामोदर धर्मानंद कोसंबींनी कार्ल्याजवळचं देवघर सुचवलं. कोसंबी मूळचे गणिती, नोकरी मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, राहायचे पुण्यात, अपडाऊन डेक्कन क्वीनने, आणि उरलेल्या वेळात या डोंगरांतून पायी भटकायचे. वीकेंडला ट्रेक करणाऱ्यांनी त्यांना कुलगुरूच मानलं पाहिजे. त्यांचं देवघर पुराव्याने सिद्ध झालेलं नाही, पण माझं मत त्यांच्या बाजूने. दूरच्या गावच्या इतक्या लोकांनी एकाच डोंगरात पैसे घालावेत, हे पटत नाही.

कार्ला झालं की जुन्नर करा. तिथल्या लेण्यांतही यवन आहेत. चिट नावाच्या एकाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिलाय. दुसऱ्याचं नाव इरिल. हे नाव मात्र इथलं वाटत नाही, गड्याने आपलं मूळचंच ठेवलेलं दिसतं. त्याने पाण्याची दोन टाकी खोदून दिली आणि तसं लिहिलंय: 'बे पोढियो'. पोढी म्हणजे टाकं, ट्रेकवाल्यांना माहीत असेल. आणि बे म्हणजे दोन. बे एके बे मधला बे.