संकेतस्थळावरील फिल्टर आणि मद्रासचे ग्रंथपाल

१९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी संकेतस्थळांची एक यादी रचली. तिचेच पुढे 'याहू' झाले. रचना वृक्षासारखी होती: विभाग, त्यात उपविभाग, त्यात आणखी उपविभाग. पण एखादा विषय दोन फांद्यांवर शोभत असेल, तर तो ठेवायचा कोठे? याहूने अशा नावापुढे 'ॲट'चे चिन्ह लावले; त्या विभागाचे मूळ घर दुसरीकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ही अडचण ग्रंथालयांना जुनीच होती. १९२४ मध्ये गणिताचे अध्यापक शि. रा. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तेथे त्यांना मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धती अपुरी वाटली. तिच्यात कप्पे आधीच ठरलेले. धर्मासाठी राखलेल्या २०० ते २९९ या आकड्यांपैकी बहुतेक ख्रिस्ती धर्माकडे. हिंदू, बौद्ध, इस्लाम हे सारे २९० च्या कप्प्यात कोंबलेले! कप्पे आखणाऱ्याचे जग वाचकावर लादले जाते, ते असे.

लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानात रंगनाथन यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. पट्ट्या आणि नटबोल्ट तेच. जोडणी बदलली की वस्तू नवी. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात पुस्तकाला तयार कप्पा नाही. 'फुफ्फुसांच्या क्षयावरील क्ष-किरण उपचार' या विषयाचे अवयव, रोग, उपचार असे पैलू सुटे करायचे आणि चिन्हांनी जोडायचे. तयार होणारा संकेतांक मात्र सामान्य वाचकाला घाबरवणाराच असे.

शिवाय कपाटात पुस्तकाची जागा एकच. पैलूंचा कोणता तरी एक क्रम धरावाच लागे. संगणकाच्या पडद्यावर हे बंधन गळून पडले. या शतकाच्या आरंभी बर्कली येथे मार्टी हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 'फ्लॅमेन्को' प्रकल्पात कलाचित्रांच्या संग्रहासाठी पैलूंवर आधारलेली मांडणी घडवली. आधी कालखंड निवडायचा की ठिकाण, हे पाहणाऱ्याने ठरवायचे. प्रत्येक पर्यायापुढे चित्रांची संख्या दिलेली. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण त्यामुळेच रिकाम्या पानावर जाऊन आदळण्याची वेळ येत नाही. आज खरेदीच्या संकेतस्थळांवर रंग, किंमत, कापड यांचे जे फिल्टर दिसतात, ते याच जातीचे. वाचकाचा वेळ वाचवा, हे सूत्र रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत मांडले होते.

शोधयंत्रांपुढे मागे पडलेली याहूची वृक्षरूप यादी २०१४ च्या अखेरीस बंद झाली.