बरोबरीतला विश्वचषक

अंतिम सामनाच बरोबरीत सुटला, तर चषक कुणाचा? असा प्रश्न निघाला की मला हटकून आठवते ती ११ नोव्हेंबर १९७२ची फ्रान्समधल्या लियाँ शहरातली लढत.

खेळ रग्बी लीग, तेरा जणांची रग्बी. सामन्यापायी बुडालेली मजुरी खेळाडूंना मिळावी, म्हणून उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी १८९५ मध्ये वेगळी चूल मांडली; त्यातून हा खेळ जन्मला.

लियाँमध्ये ब्रिटनचा कर्णधार होता कार्डिफचा क्लाइव्ह सुलिव्हन. कुठल्याही खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचं नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय मानला जातो. लहानपणी पायांवर शस्त्रक्रिया झालेल्या या माणसानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध जवळजवळ सगळं मैदान धावून ‘ट्राय’ नोंदवला. शेवटी गुणफलक १०-१०. जादा वेळेतही कोंडी फुटली नाही. साखळीतले तिन्ही सामने जिंकल्यामुळे चषक ब्रिटनला मिळाला.

हल शहरातल्या दोन्ही हाडवैरी क्लबांकडून सुलिव्हन खेळला. १९८५ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी कर्करोगानं तो गेला. हलमधल्या एका हमरस्त्याला आज त्याचं नाव आहे. मला वाटतं, चषक नियमानं मिळाला. हा मान मात्र त्यानं स्वतः कमावला.