ठिपका कोणी काढायचा? पीसीवरील ग्राफिक्स ड्रायव्हरची जन्मकथा

१/१२
पडद्यावर एक तिरपी रेघ ओढायची आहे. आज त्यासाठी एक आज्ञा पुरते. चाळीस वर्षांपूर्वी मात्र रेघ ओढण्याआधी प्रोग्रामला एक प्रश्न सोडवावा लागे : या यंत्रात पडद्यासाठी कोणते कार्ड बसवले आहे? त्याचे उत्तर शोधण्याचा भार कोणी वाहायचा, याचा हा इतिहास. 🧵

२/१२
१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. त्याच्यासाठी दोन कार्डे होती. एमडीए केवळ मजकुरासाठी : ८० स्तंभ, २५ ओळी आणि कार्डातच ठरवून दिलेली २५६ चिन्हे. सीजीए चित्रांसाठी : ३२० × २०० ठिपक्यांत चार रंग किंवा ६४० × २०० मध्ये दोन. सुबक अक्षरे घेतली तर चित्रे नाहीत. चित्रे घेतली तर अक्षरे ओबडधोबड.

३/१२
इंग्रजीत लिहिणाऱ्यासाठी ही केवळ गैरसोय होती. इतर लिपींना मात्र दारच बंद होते. थाई लिपीत स्वरचिन्हे व्यंजनाच्या वर आणि खालीही बसतात, शिवाय सुराची चिन्हे वेगळी. व्हॅन सुवन्नुकुल यांना आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचे काम पीसीवर थाई लिपीत करायचे होते. एमडीएची चिन्हे ठरलेली, आणि सीजीएचे ठिपके अपुरे.

४/१२
तेव्हा त्यांनी स्वतःच कार्ड घडवले. १९८२ मधले हे हर्क्युलस ग्राफिक्स कार्ड : ७२० × ३४८ ठिपके, एकच रंग, ६४ केबी स्मृती. मॉनिटर एमडीएचाच चाले आणि मजकूरही पूर्वीइतकाच सुबक राही. एका लिपीच्या निकडीतून जन्मलेले हे कार्ड पुढे असंख्य कचेऱ्यांतील यंत्रांत जाऊन बसले.

५/१२
पण एक अडचण होती. यंत्राच्या चिपमध्ये कायमचा साठवलेला मूलभूत प्रोग्राम म्हणजे बायॉस. ‘अमुक जागी ठिपका काढ’ अशी विनंती त्याला करता येई. परंतु हर्क्युलसची चित्रपद्धती आयबीएमच्या बायॉसला ठाऊकच नव्हती. सीजीएसाठी ती विनंती चाले, पण फार संथपणे. म्हणून प्रोग्रामर बायॉसला वळसा घालून थेट कार्डाच्या स्मृतीत लिहीत.

६/१२
आणि स्मृतीची मांडणी प्रत्येक कार्डाची निराळी! सीजीएमध्ये सम क्रमांकांच्या ओळी एका विभागात, विषम ओळी दुसऱ्यात. हर्क्युलसमध्ये असे चार विभाग : ०, ४, ८ या ओळी पहिल्यात, १, ५, ९ दुसऱ्यात, आणि असेच पुढे. सीजीएची ६४० ठिपक्यांची ओळ ८० बाइटची, हर्क्युलसची ९० बाइटची. १९८४ च्या ईजीएने तर १६ रंगांसाठी स्मृतीचे चार थर एकमेकांवर रचले. एका कार्डासाठी केलेला हिशेब दुसऱ्यावर निरुपयोगी ठरे.

७/१२
येथे ड्रायव्हर पुढे येतो. ड्रायव्हर म्हणजे प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामधला दुभाषी. जानेवारी १९८३ मध्ये बाजारात आलेले लोटस १-२-३ आपले दुभाषी स्वतःच बाळगून असे. आपले कार्ड कोणते, हे ग्राहकाने सांगायचे. लोटसने हर्क्युलसला साथ दिली आणि त्या कार्डाचे पाय बाजारात रोवले गेले. पण यातून एक परावलंबनही दिसते : कार्ड कितीही चांगले असो, सॉफ्टवेअरवाल्यांनी दुभाषी लिहिला नाही तर ते मुकेच.

८/१२
शिवाय प्रत्येक कंपनी तेच काम नव्याने करत होती. हा दुभाषी सर्वांसाठी एकच का नसावा? डिजिटल रिसर्चने जीएसएक्स आणले. १९८५ मध्ये जीकेएस हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या विंडोज १.० मध्ये जीडीआय होते : प्रोग्रामने फक्त ‘रेघ ओढ’ म्हणायचे, पडदा असो वा प्रिंटर, पुढचे ड्रायव्हरने पाहायचे. मात्र विंडोजला खरी लोकप्रियता १९९० च्या ३.० आवृत्तीनंतर लाभली.

९/१२
तोवर डॉसवरच्या प्रोग्रामरच्या हाती दुसरे साधन आले होते. १९८७ मध्ये बोरलँडने टर्बो पास्कल ४.० सोबत बीजीआय दिले. टर्बो सीमध्येही तेच आले. प्रत्येक कार्डकुळाचा ड्रायव्हर ही डिस्कवरची वेगळी फाइल. ‘इनिटग्राफ’ ही आज्ञा कार्ड ओळखून योग्य फाइल स्मृतीत आणी. मग ‘लाइन’, ‘सर्कल’ म्हटले की झाले. जे सामर्थ्य मोठ्या कंपन्यांपाशी होते, ते एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले.

१०/१२
आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत टर्बो सी नंतरही कितीतरी वर्षे टिकून राहिले. ग्राफिक्सच्या प्रात्यक्षिकात बीजीआय फोल्डरचा मार्ग चुकला की पडद्यावर रेघेऐवजी त्रुटीचा संदेश झळके. अनेकांची ड्रायव्हरशी पहिली ओळख तीच. चुकल्यावरच त्याचे अस्तित्व जाणवे.

११/१२
दुभाष्याची किंमतही होती. मधला प्रत्येक टप्पा वेळ खातो. म्हणून १९९३ च्या ‘डूम’सारखे खेळ पुन्हा थेट व्हीजीएच्या स्मृतीतच लिहीत. लिपीच्या प्रश्नावर भारतात तिसरीच वाट निघाली. आयआयटी कानपूरमध्ये उगम पावलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेले जिस्ट कार्ड डॉसच्या मजकुरी प्रोग्रामांचा मजकूर देवनागरीसारख्या लिपींत दाखवी. इंग्रजीसाठी लिहिलेल्या त्या प्रोग्रामांना वेलांटी-उकाराची खबरही नसे. तो भार कार्ड उचले.

१२/१२
संगणकाचा इतिहास आपण बहुधा ठिपक्यांच्या आणि रंगांच्या संख्येने मोजतो. मला वाटते, त्यापेक्षा भार कोणाकडून कोणाकडे सरकला, हे पाहावे. तो प्रोग्रामरकडे होता तेव्हा मोजक्याच कार्डांना आणि मोजक्याच लिपींना पडद्यावर जागा होती. तो ड्रायव्हरकडे गेला तेव्हा नवख्यालाही रेघ ओढता आली. पडताळून पाहायचे असेल तर डॉसबॉक्समध्ये यंत्राचा प्रकार ‘हर्क्युलस’ निवडा आणि त्या काळचा एखादा प्रोग्राम चालवा. त्याला ते कार्ड ठाऊक होते की नाही, हे तुम्हाला लगेच कळेल.